समतोल आहार : कुणाच्या ताटातला?

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आहाराचा तक्ता लावलेला असतो. एका ताटात पोळी, भात, वरण, पालेभाजी, कोशिंबीर, दह्याची वाटी आणि बाजूला एक केळं. खाली लिहिलेलं असतं, 'समतोल आहार घ्या, निरोगी राहा.' गुडघे दुखतात म्हणून गेलेल्या बाईला त्या तक्त्याकडे बोट करून सांगितलं जातं, "वजन कमी करा." चक्कर येते म्हणून गेलेल्या बाईला त्याच तक्त्याकडे बोट करून सांगितलं जातं, "रक्त कमी आहे, नीट खात जा." दोघी मान डोलावतात आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागतात. पुष्कळ वेळा या दोघी म्हणजे एकच बाई असते. वजन जास्त आणि रक्त कमी.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं थोडक्यात असं, की त्या तक्त्यात एक रकाना कमी आहे. काय खावं हे त्यात आहे, किती खावं हेही आहे. पण कुणाच्या नंतर खायचं आणि तोपर्यंत पातेल्यात काय उरतं, हे त्यात नाही. हा तिसरा रकाना भरल्याशिवाय बाईच्या वजनाची चर्चा करणं म्हणजे तिच्या माथी आणखी एक दोष मारणं. स्वयंपाक बिघडला तर तिचा दोष, पोर हडकुळं राहिलं तर तिचा दोष. आता तिचं पोट सुटलं तर तोही तिचाच, जिभेवर ताबा नाही म्हणून!

स्त्री-चळवळीच्या व्यासपीठांवर हा विषय दोन निरनिराळ्या दारांनी येतो. खेड्यातल्या आणि आदिवासी भागातल्या बाईबद्दल बोलताना कुपोषण हा शब्द वापरला जातो. शहरातल्या बाईबद्दल बोलताना सडपातळपणाच्या बाजारावर, सौंदर्यस्पर्धांवर, लग्नाच्या जाहिरातींतल्या 'सडपातळ, गोरी' या अटींवर टीका होते. दोन्ही रास्तच आहे. पण या दोन दारांच्या मधे जी बाई उभी आहे तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वस्तीतली धुणीभांडी करणारी चाळिशीची बाई, तालुक्याच्या गावची अंगणवाडी सेविका, दोन बाळंतपणांनंतर वजन वाढलेली शिक्षिका. यांना साखर, रक्तदाब, गुडघेदुखी होते आहे आणि रक्तही कमी आहे. त्यांना 'तू आहेस तशीच सुंदर आहेस' एवढं सांगून भागत नाही. त्यांना जिना चढता येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. त्याच वयाच्या पुरुषांत हा आकडा २५. बायकांपैकी १९ जणी उंचीच्या मानाने फार हलक्या, तर २४ जणी फार जड. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के बायकांना रक्तक्षय. पाचातली एक वाजवीपेक्षा बारीक आणि जवळजवळ चारातली एक वाजवीपेक्षा जाड. एका घरात एकच पीठ, एकच तेल आणि एकच चूल असताना पुरुषाच्या दुप्पट बायकांचं रक्त कमी असतं. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण आहे, ते कुणी नाकारत नाही. पण शरीराला ज्याची गरज जास्त आहे ते त्याच शरीराला कमी मिळावं, ही काही निसर्गाची करणी नाही.

यातलं गणित एकदा नीट मांडून पाहण्यासारखं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या गरजा ठरवल्या. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि १९ मिलिग्रॅम लोह. बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० कॅलरी आणि २९ मिलिग्रॅम लोह. म्हणजे बाईने खायचं कमी, पण त्यातून लोह मिळवायचं दीडपट. भागाकार केला तर तिच्या प्रत्येक घासात पुरुषाच्या घासापेक्षा जवळजवळ दुप्पट लोह असायला हवं. शास्त्राच्या हिशेबाने घरातलं सगळ्यात कसदार ताट बाईचं असलं पाहिजे. पालेभाजी आधी तिला, उसळ आधी तिला, अंडं एकच असेल तर ते तिला. प्रत्यक्षात काय होतं ते सांगायला शास्त्रज्ञ नको.

एका शिबिरात आम्ही बायकांना कालच्या दिवसाचं आपलं ताट कागदावर काढायला सांगितलं होतं. सगळ्यांनी भाकरी काढली, भाजी काढली, भात काढला. चित्रं अगदी तक्त्यासारखीच झाली. मग विचारलं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुमच्या ताटात यातलं काय होतं? खोडरबर फिरायला लागले. मेथीची भाजी पुसून तिथे मिरचीचा ठेचा आला. वरणाची वाटी अर्धी झाली. एक जण म्हणाली, "कालवण केलंच होतं की बाई, पर माझ्या वक्ताला निस्ता रस्सा राहिला." भाकरी मात्र कुणी पुसली नाही. उलट दोघीतिघींनी एक जास्त काढली, कारण सकाळची उरलेली होती, आणि अन्न टाकायचं नसतं.

वजनाचं मूळ इथेच आहे. शेवटी जेवणाऱ्या बाईला भूक तर तेवढीच असते, किंबहुना जास्त. कष्टही जास्त. पातेल्यात डाळ, भाजी, दही संपलेलं असतं आणि भात, भाकरी, पोळी उरलेली असते. पोट भरायचं ते पिठानं आणि रश्शावरच्या तेलानं. त्यात पोरांनी टाकलेला भात, सासऱ्यांनी अर्धी ठेवलेली पोळी, पाहुण्यांसाठी केलेल्या शिऱ्याची खरवड. घराघरांत बाईचं पोट म्हणजे उरलंसुरलं साठवायचा डबा झालेला आहे. असं खाल्लेलं तिच्या जेवणात धरलंच जात नाही. विचारलं तर ती मनापासून सांगते, "मी कुठं काय खाते?" आणि ते खरंही असतं. अंगाला लागेल असं ती काहीच खात नाही, आणि वजन तर वाढतं.

सकाळचंही तेच. घरातल्यांचे डबे करून देताना तिच्या पोटात दोन कप गोड चहा गेलेला असतो, फार तर पाच रुपयांच्या पुड्यातली बिस्किटं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे आपण बैठकांमध्ये सांगतो. पण चहा हे तिच्या दिवसातलं एकमेव बसून घेतलेलं सुख असतं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. ते बंद कर म्हणण्यापेक्षा तासभर पुढे ढकल, साखर अर्धी कर आणि भाजीवर लिंबू पिळ, असं सांगितलेलं तिला पटतं. कामाच्या जागी संडास नाही म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत आणि खाणंही टाळतात. मग संध्याकाळी घरी आल्यावर हाताला लागेल ते खातात. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

उपवासांबद्दल लिहिलं की काही मैत्रिणी नाराज होतात. तरी लिहिते. आठवड्यातून दोन उपवास धरणारी बाई वर्षाला शंभराच्या वर दिवस उपवास करते. चतुर्थी, एकादशी, हरतालिका, नवरात्र वेगळेच. त्या दिवशी घराचा रोजचा स्वयंपाक सुटत नाही, वर साबुदाणा करायचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातला दाण्याचा कूट सोडला तर हाती काही लागत नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. ज्यांना श्रद्धेने उपवास करायचा आहे त्यांनी जरूर करावा, राजगिरा, शेंगदाणे, ताक, फळं यांवर करावा. पण वजन कमी होईल म्हणून उपवास धरणाऱ्या बायका वाढल्या आहेत. नवऱ्यासाठी, मुलासाठी, घरासाठी पोट मारण्याची जी सवय बाईला लावलेली आहे, तिलाच आता 'डाएट' हे नवं नाव मिळालं आहे.

डाएटच्या फॅशनही येतात आणि जातात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रभर पोचली. ती फुकट सांगितली गेली, दुकान मांडलं नाही, हे चांगलंच. काहींना गुणही आला असेल. पण पंचावन्न मिनिटं पानावर सलग बसू शकणारी बाई मी अजून पाहायची आहे. आणि शेतमजूर बाई तर वर्षानुवर्षं दोनदाच जेवते आहे, तेव्हा दोनदा जेवणं हा तिच्यासाठी काही नवा शोध नाही. रक्त कमी असलेल्या, पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला एकच नियम सरसकट लावता येत नाही, एवढं तरी अशा सभांमधून ठणकावून सांगितलं पाहिजे. २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. सुरुवातीला त्यांचा महिन्याचा खर्च दहा हजारांच्या वर होता. ज्यांना स्थूलतेचा खरा आजार आहे त्यांच्यासाठी ते औषध आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ते घेण्यात कमीपणा नाही. लग्नाआधी सहा किलो उतरवण्यासाठी ते नाही.

वजन किती असावं, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याचं जे सूत्र दवाखान्यात वापरतात, ते एकोणिसाव्या शतकातल्या केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं. त्याला लोकसंख्येची सरासरी काढायची होती, एकेका माणसाचं आरोग्य मोजायचं नव्हतं. तरीही अंदाजापुरतं ते उपयोगी आहे. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण ४२ ते ५२ किलो असावं, असं भारतीयांसाठी ठरवलेल्या मर्यादेवरून निघतं. त्याहून उपयोगी म्हणजे शिंप्याची टेप. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची ठेवण पुष्कळदा दिसते. तिला धोका नाही असं समजू नये. आणि ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना लगेच तरुणपणीच्या वजनावर जायची गरज नसते. ऐंशी किलोच्या बाईने चारपाच किलो उतरवले, तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना फरक पडतो.

या ठेवणीचा शोध आपल्या पुण्याजवळच लागला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथे जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूपच हलकी. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. कमी पडलं होतं ते स्नायू आणि इतर अवयवांना. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं चांगल्या वजनाची निघाली. नंतर असंही दिसलं, की गरोदरपणात शेतातलं काम, पाणी भरणं, धुणं यांचा भार ज्यांच्यावर जास्त, त्यांची बाळं लहान. आई उपाशीपोटी राबली त्याचा हिशेब मुलीच्या अंगावर चाळिशीत मधुमेह होऊन निघू शकतो. आजी, आई आणि लेक यांची ताटं अशी एकमेकींना जोडलेली आहेत. तेव्हा लठ्ठपणा हा खात्यापित्या घरच्या बायकांचा विषय आणि कुपोषण हा गरिबांचा, ही वाटणी शरीरशास्त्रालाही मान्य नाही.

कष्टांचा मुद्दा श्रीलता बाटलीवाला यांनी १९८२ सालीच मांडला होता. पाणी, सरपण, स्वयंपाक यांत बाई किती शक्ती खर्च करते हे मोजलं, तर गरीब घरातल्या बाईचा खर्च तिच्या जेवणात भरून निघत नाही. म्हणून पाणी दारात आणणं आणि चूल सुधारणं हासुद्धा पोषणाचाच कार्यक्रम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आजही जुना झालेला नाही. मात्र शहरात आणि निमशहरात चित्र थोडं बदललं आहे. गॅस, मिक्सर, नळ आले, कष्ट कमी झाले, वेळ मात्र कमी झाला नाही. २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे बाई दिवसाला २८९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. ओट्यापाशी पाच तास उभं राहून पाय सुजतात, पण त्यातून व्यायाम म्हणावा असं फार काही घडत नाही. "दिवसभर काम करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" हे आपण सगळ्याच ऐकतो. याचं उत्तर उपदेशाने देता येत नाही. रोज अर्धा तास भराभर चालायला तिला आधी अर्धा तास हवा, आणि दिवे असलेला, टिंगल न होणारा रस्ता हवा. तो अर्धा तास घरातल्या कुणाच्या तरी २८९ आणि ८८ च्या फरकातूनच यायचा आहे.

आता ताटाची किंमत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींचं जे रोजचं ताट सुचवलं, त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मटण मिळून ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. हे सगळं कच्चं वजन. चार माणसांच्या घराचा हिशेब करा. रोज दीड किलोच्या वर भाजी. महिन्याला दहा किलो डाळी आणि कडधान्यं. आणि तेल महिन्याला फक्त साडेतीन लिटर. आपल्या गटातल्या किती घरांत पाव किलो भाजी चौघांत वाटली जाते आणि तेल मात्र पाच-सहा लिटर येतं, ते तुम्हीच विचारून बघा. भाजी कमी असली की रस्सा वाढवावा लागतो, आणि रस्सा चवीला लागायचा तर तेल वाढवावं लागतं. यात सुगरणीचा दोष नाही, मंडईच्या भावाचा आहे.

रेशनवर काय मिळतं? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य. दिवसाला १६७ ग्रॅम पडतं. म्हणजे त्या ताटातल्या धान्याचा दोन-तृतीयांश वाटा २०२३ पासून फुकट. बाकी सगळं ताट बाजाराच्या हवाली. जे फुकट मिळतं त्यानेच पोट भरणार, आणि ते म्हणजे तांदूळ आणि गहू. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ज्वारी, बाजरी, नाचणी होती, त्या घरांत दोन्ही वेळा भात आला तो काही चवीसाठी आला नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारीला 'श्रीअन्न' म्हटलं गेलं आणि तिची साखर घातलेली बिस्किटं मॉलमध्ये आली. जिची भाकरी गरिबाची म्हणून हिणवली, ती पिकवणाऱ्या बाईलाच विकत घ्यायला महाग झाली! २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. सणाला गोडधोड हवंच, त्याबद्दल कुरकुर नाही. पण चारांतली एकच वस्तू अंगाला लागणारी होती.

शाळेतल्या अंड्याचं काय झालं ते तर आठवतच असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. समतोल आहाराच्या तक्त्यांवर एका विशिष्ट घरातलं ताट असतं, हेही आपण बोललं पाहिजे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं लिहून ठेवलं. त्यातली चान्या आणि वजडी कुठल्या सरकारी तक्त्यावर दिसली आहे का? २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली, आणि अनेक गरीब घरांतली स्वस्त प्रथिनं गेली. त्याच घरातल्या बाईला प्रथिनं वाढवा म्हणून सांगायचं, तर बदामाचं नाव तरी घेऊ नये.

आणि तरीही रोजच्या घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, हुलगा, मटकी, कारळ-जवसाची चटणी, ताक, सुकट. यांतलं काहीच परदेशी नाही. एका भाकरीच्या जागी एक वाटी जाड उसळ घेतली तर पोट तेवढंच भरतं, वजनही आटोक्यात राहतं आणि अंगात ताकद येते. वजन उतरवायचं म्हणून बाई नेमकं दूध, डाळ आणि सकाळचा नाश्ता बंद करते. कमी करायचा असतो तो पांढरा भात, साखर, तळण, मैदा आणि बिस्किटांचा पुडा. खाणं कमी करण्याआधी खाणं सुधारा, असं मी सांगेन. पण यातली जादा उसळ शिजली तरी तिच्या वाटणीला येणार का, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

तो सोडवण्याचा एक मार्ग सरकारनेच दाखवला आहे, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातलं एक पूर्ण जेवण अंगणवाडीत बसवून वाढलं जातं. शिधा घरी दिला तर तो सगळ्यांत वाटला जातो, तिच्या वाट्याला पुन्हा तळच येतो. तिथेच बसून जेवली तर जेवण तिच्या पोटात जातं. अंमलबजावणीत खोट कुठे कुठे आहे ते तुम्हाला जास्त माहीत. कल्पना मात्र अचूक आहे, कारण तिने तिसरा रकाना ओळखला. घरातही एवढंच करायचं आहे. सगळ्यांची ताटं एकदम वाढायची आणि एकदम बसायचं. गरम पोळी हवी असेल तर ती उठून आळीपाळीने करायची, मुलग्यांनीही. काही गटांतल्या बायकांनी निदान रात्रीचं एक जेवण असं सुरू केलं आहे. पहिले आठ दिवस सासूबाई बोलतात, मग त्यांनाच बरं वाटायला लागतं, कारण त्याही आयुष्यभर शेवटीच जेवलेल्या असतात.

शिबिरांत वजनाचा काटा ठेवणार असाल तर कोपऱ्यात ठेवा, आकडा मोठ्याने वाचू नका. काट्याच्या शेजारी हिमोग्लोबिनची तपासणी असू द्या, नुसता काटा नको. ताटाचं चित्र काढून घ्या, त्याखाली तीन रकाने करा आणि तिसरा आधी भरून घ्या. पाककृतींची स्पर्धा भरवायची असेल तर ती पुरुषांसाठी भरवा, ज्वारीची भाकरी थापण्याची.

आणि एक काम घराबाहेरचं. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या महागाईविरुद्ध. तेल, साखर, धान्य, रॉकेल या मागण्या तेव्हा कुणाला 'घरगुती' वाटल्या नाहीत. आज रेशनवर डाळ आणि ज्वारी मागणं ही तशीच मागणी आहे. २०१३ च्या कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचं नाव लागतं. रेशन दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती असावी आणि तिच्यात बायकांना जागा असावी, हेही त्यात लिहिलेलं आहे. आपल्या गावची दक्षता समिती शेवटची कधी बसली, तिच्यात कोणत्या बायकांची नावं आहेत आणि त्यांना ते ठाऊक तरी आहे का, एवढी माहिती पुढच्या ग्रामसभेच्या आत प्रत्येक गटाने काढावी.